लांग पिंग यांची व्हॉलीबॉल कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांग पिंग कोण आहेत आणि त्यांचे नाव एवढे का घेतले जाते?

लांग पिंग या चीनच्या माजी व्हॉलीबॉलपटू आणि प्रशिक्षक आहेत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून सुवर्णपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ येथे त्यांच्या प्रशिक्षणाखाली चीनच्या महिला संघाने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत ऑलिम्पिकचे सुवर्ण मिळवणाऱ्या व्हॉलीबॉलमधील त्या पहिल्या व्यक्ती होत. या दोन पदकांच्या मध्ये बत्तीस वर्षे आहेत आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांनी चीन, अमेरिका, इटली आणि तुर्कस्तान अशा देशांत काम केले. त्यांच्यावरचे बहुतेक लेखन त्यांच्या स्मॅशभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो, कारण ज्या व्यवस्थेने त्यांना घडवले, त्या व्यवस्थेची घडी त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने बदलली.

त्यांना ‘लोखंडी हातोडा’ का म्हणतात?

या टोपणनावात चिनी भाषेतील एक श्लेष दडलेला आहे. हातोड्याला चिनी भाषेत ‘लांगथोऊ’ म्हणतात आणि त्यातील पहिल्या अक्षराचा उच्चार लांग पिंग यांच्या आडनावासारखाच होतो. त्यामुळे ‘थिए लांगथोऊ’, म्हणजे लोखंडी हातोडा, हे नाव त्यांना अगदी चपखल बसले. मराठीत सांगायचे तर लोहाराचा घण डोळ्यांपुढे आणावा. नेटच्या डाव्या बाजूने, लिफ्टरने (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूने) उंच दिलेल्या चेंडूवर त्या झेप घेत आणि समोर दोघींचा ब्लॉक उभा असला तरी हात आखडता घेत नसत. त्यांची उंची १.८४ मीटर होती. त्या काळच्या आशियाई संघांत ही उंची उठून दिसणारी होती, परंतु अमेरिकेच्या फ्लो हायमन यांची उंची जवळजवळ १.९६ मीटर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे केवळ उंचीच्या बळावर हे यश मिळाले नाही, हे कळते.

त्यांची सुरुवात कशी झाली?

लांग पिंग यांचा जन्म १० डिसेंबर १९६० रोजी थिएनचिन येथे झाला आणि त्या बीजिंगमध्ये वाढल्या. १९७३ मध्ये त्यांना बीजिंगच्या कामगार क्रीडागाराशी संलग्न असलेल्या क्रीडाशाळेत प्रवेश मिळाला, १९७६ मध्ये त्या बीजिंगच्या संघात गेल्या आणि १९७८ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, राष्ट्रीय संघात दाखल झाल्या. त्या वेळी युआन वेइमिन हे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते आणि ते स्वतः चीनच्या पुरुष संघातून खेळलेले होते.

चीनच्या महिला संघाची सराव पद्धत कशी होती?

सरावाची ही पद्धत अतिशय कठोर होती आणि तिचे मूळ काही अंशी जपानमध्ये सापडते. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानच्या महिलांना सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू यांना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी निमंत्रण दिले आणि १९६५ मध्ये दाइमात्सू यांनी चीनमध्ये येऊन तेथील खेळाडूंकडून सराव करून घेतला. चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वी अंग झोकून देऊन तो उचलणे, आणि पुन्हा उठून पुढच्या चेंडूसाठी सज्ज होणे, हे तासन् तास चालत असे.

पुढे १९७२ मध्ये फूच्येन प्रांतातील चांगचौ येथे व्हॉलीबॉलचे सराव केंद्र उभे राहिले. त्याचे पहिले सराव दालन बांबूंचे होते आणि त्याची जमीन ठोकून घट्ट केलेल्या मातीची होती. अशा जमिनीवर चेंडूसाठी सूर मारला की कोपरे, गुडघे आणि मांड्या सोलून निघत. कपडा जखमेला चिकटे आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा घासले जाई. लांग पिंग यांची पिढी आली तोवर सोयी काहीशा सुधारल्या होत्या, तथापि सरावामागची वृत्ती तीच राहिली. या केंद्राला चीनमध्ये आजही महिला संघाचे माहेर मानले जाते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. युआन वेइमिन यांनी महिला खेळाडूंसमोर सरावासाठी पुरुष खेळाडू उभे केले. प्रतिस्पर्धी देशांतील नामांकित खेळाडू ज्या लकबीने चेंडू मारतात, तिची नक्कल करून या पुरुषांनी नेटपलीकडून चेंडू मारायचा, असे हे काम होते. अशा सराव साथीदारांत चेन चोंगहे नावाचे एक तरुण होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१९८१ चा विश्वचषक इतका महत्त्वाचा का मानला जातो?

कारण सांघिक खेळांत, मोठ्या चेंडूच्या (फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल) कोणत्याही क्रीडाप्रकारात, चीनला मिळालेले ते पहिले जागतिक अजिंक्यपद होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये जपानमध्ये झालेल्या या स्पर्धेत चीनने सातही सामने जिंकले. शेवटचा सामना ओसाका येथे यजमान जपानशीच होता आणि गुणांचा हिशेब असा होता की चीनने केवळ दोन सेट जिंकले तरी अजिंक्यपद निश्चित होणार होते.

चीनने पहिले दोन सेट १५-८ आणि १५-७ असे जिंकले आणि तेथेच त्यांचा खेळ सैल पडला. चषक हाती आल्याची जाणीव एकदा मनात शिरली की पाय जड होतात, हा अनुभव कोणत्याही मैदानावरच्या खेळाडूला नवा नाही. जपानने पुढचे दोन्ही सेट घेतले. पाचव्या सेटच्या वेळी युआन वेइमिन यांनी खेळाडूंना कडक शब्दांत सुनावले. हा सामना गमावून मिळालेला चषक जन्मभर सलत राहील, असा त्या बोलण्याचा आशय होता. अखेरचा सेट चीनने १७-१५ असा जिंकला. त्या संघाच्या कर्णधार आणि लिफ्टर सुन जिनफांग यांना स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला. लांग पिंग तेव्हा वीस वर्षांच्या होत्या.

त्या काळच्या सामन्यांचे गुण आजच्यापेक्षा इतके कमी का दिसतात?

हा प्रश्न नव्या प्रेक्षकांना हमखास पडतो. त्या काळी सेट १५ गुणांचा असे आणि ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळे. समोरच्या संघाने चढाई (म्हणजे सर्व्हिसपासून चेंडू बाद होईपर्यंतचा खेळ) जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळत असे, गुण नव्हे. म्हणूनच १५-३ असा सेट पाहून तो पाच मिनिटांत आटोपला असेल, असा समज करून घेऊ नये. सर्व्हिस या बाजूकडून त्या बाजूकडे जात राहते आणि गुणफलक हलत नाही, असे दीर्घकाळ चालू शकत असे. प्रत्येक चढाईला गुण देण्याची आणि सेट २५ गुणांचा करण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. महिलांच्या नेटची उंची मात्र तेव्हाही २.२४ मीटर होती आणि आजही तेवढीच आहे.

खेळाडू म्हणून त्यांनी कोणकोणती अजिंक्यपदे मिळवली?

१९८१ चा विश्वचषक, १९८२ ची पेरू येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, १९८४ चे ऑलिम्पिक आणि १९८५ चा विश्वचषक, ही चार मोठी अजिंक्यपदे त्यांनी खेळाडू म्हणून मिळवली. १९८६ मध्ये चीनने जागतिक अजिंक्यपद पुन्हा जिंकले, तेव्हा त्या खेळातून निवृत्त होऊन संघाच्या सहायक प्रशिक्षक झाल्या होत्या. चीनमध्ये या पाच विजयांचा उल्लेख ‘सलग पाच’ असा एकत्रितच केला जातो.

भारतीय वाचकांसाठी एक लहानशी भर घालावीशी वाटते. १९८२ च्या नवी दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेतही चीनच्या महिलांनी व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघात लांग पिंग होत्या. आपल्याकडे ‘एशियाड’ म्हटले की रंगीत दूरदर्शन, अप्पू हत्ती आणि एसटीच्या त्याच नावाच्या गाड्या आठवतात. पेरूहून जगज्जेतेपद घेऊन आलेला तो संघ दिल्लीत खेळून गेला, याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

१९८४ च्या ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात नेमके काय घडले?

त्या ऑलिम्पिकवर सोव्हिएत संघ आणि क्यूबा यांनी बहिष्कार टाकला होता, त्यामुळे काही बलाढ्य संघ अनुपस्थित होते, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. तरीही यजमान अमेरिका हा सोपा प्रतिस्पर्धी नव्हता. आरी सेलिंगर यांनी तो संघ कित्येक वर्षे एकत्र ठेवून घडवला होता, त्यात हायमन आणि रीटा क्रॉकेट यांच्यासारख्या आक्रमक खेळाडू होत्या, आणि गटातील सामन्यात त्यांनी चीनला ३-१ असे हरवलेही होते.

७ ऑगस्ट १९८४ रोजी लाँग बीच येथे हेच दोन संघ सुवर्णपदकासाठी पुन्हा समोरासमोर आले. पहिला सेट १४-१४ असा अडला. अशा क्षणी युआन वेइमिन यांनी हौ युझू या राखीव खेळाडूला केवळ सर्व्हिस करण्यासाठी मैदानात पाठवले. बाकावरून उठून, अंगात ऊब नसताना, परक्या देशाच्या गजबजलेल्या सभागृहात चेंडू हाती घ्यायचा आणि तो नेटमध्ये अडकू द्यायचा नाही, एवढेच काम. परंतु त्या क्षणी त्याहून अवघड काम दुसरे नव्हते. तिची सर्व्हिस अमेरिकेला झेपली नाही आणि सेट १६-१४ असा चीनकडे गेला. त्यानंतर अमेरिकेचा खेळ उतरणीला लागला आणि चीनने उरलेले सेट १५-३, १५-९ असे जिंकले. लांग पिंग यांच्या स्मॅशची छायाचित्रे त्या सामन्याची ओळख बनली, हे खरे. पण सामना वळला तो एका राखीव खेळाडूच्या सर्व्हिसवर, आणि बाकावरच्या खेळाडूचे मोल काय असते, हा धडा लांग पिंग यांनी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्यावर वारंवार गिरवलेला दिसतो.

यशाच्या शिखरावर असताना त्यांनी चीन का सोडला?

निवृत्तीनंतर त्यांनी इंग्रजीचा अभ्यास सुरू केला आणि १९८७ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. ज्या देशात रस्त्यावरून चालणे अवघड व्हावे इतकी प्रसिद्धी होती, तेथून निघून त्या न्यू मेक्सिको विद्यापीठात विद्यार्थिनी आणि विद्यापीठाच्या संघाच्या सहायक प्रशिक्षक झाल्या. सरकारी व्यवस्थेत वाढलेल्या खेळाडूला घरभाडे, शिकवणी शुल्क आणि परकी भाषा यांचा हिशेब प्रथमच स्वतः मांडावा लागला. १९९० मध्ये चीनमध्येच जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती, तेव्हा संघाच्या विनंतीवरून त्या मायदेशी परतून पुन्हा खेळल्या. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाकडून पराभव झाला आणि रौप्यपदक मिळाले. खेळाडू म्हणून ते त्यांचे शेवटचे मोठे पदक ठरले.

प्रशिक्षक म्हणून त्यांची पहिली कारकीर्द कशी होती?

१९९४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत चीनचा संघ आठव्या स्थानावर घसरला, त्यानंतर १९९५ मध्ये लांग पिंग यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावण्यात आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये आणि १९९८ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. दोन्ही वेळा समोर क्यूबाचा संघ होता आणि दोन्ही वेळा हार पत्करावी लागली. मिरेया लुईस आणि रेग्ला तोरेस यांचा तो क्यूबा १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा संघ होता. त्याच्याकडून हरण्यात कमीपणा नव्हता. प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांनी हे पद सोडले आणि त्या इटलीतील मोदेना व नोव्हारा या क्लबांच्या प्रशिक्षक झाल्या. २००२ मध्ये त्यांचा समावेश होलिओक येथील व्हॉलीबॉलच्या सन्मान दालनात झाला. हे तेच मॅसॅच्युसेट्समधील गाव, जेथे १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ शोधून काढला.

२००८ मध्ये त्यांनी चीनविरुद्ध अमेरिकेच्या संघाचे नेतृत्व केले, ते कसे?

२००५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. आपली मुलगी अमेरिकेत वाढत होती आणि तिच्याजवळ राहता यावे, हा त्यामागचा एक विचार होता. ऑलिम्पिक बीजिंगमध्ये भरले आणि १५ ऑगस्ट २००८ रोजी गटातील सामन्यात अमेरिका आणि चीन समोरासमोर आले. चीनचे प्रशिक्षक होते चेन चोंगहे. म्हणजे एकेकाळी सरावात परदेशी खेळाडूंची नक्कल करून लांग पिंग यांच्या संघावर चेंडू मारणारे, पुढे त्यांचेच सहायक झालेले आणि २००४ मध्ये अथेन्स येथे चीनला सुवर्णपदक मिळवून देणारे तेच चेन. त्यांच्या नावातील ‘हे’ आणि लांग पिंग यांच्या नावातील ‘पिंग’ ही अक्षरे जोडली की चिनी भाषेत ‘शांती’ असा शब्द होतो, त्यामुळे वृत्तपत्रांनी या लढतीला ‘शांतीयुद्ध’ म्हटले.

अमेरिकेने तो सामना ३-२ असा जिंकला. अंतिम सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला हरवल्याने लांग पिंग यांना रौप्य मिळाले आणि चीनला कांस्य. त्यांच्यावर चीनमध्ये काहींनी टीका केली, परंतु त्याच सभागृहातील चिनी प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा गजर करून टाळ्याही वाजवल्या. व्यावसायिक प्रशिक्षकाने जेथे काम मिळेल तेथे करावे, ही कल्पना त्या देशाच्या क्रीडाविश्वात तोवर नवखी होती, आणि ती रुळवण्याचे श्रेय लांग पिंग यांच्याकडेच जाते.

२०१३ नंतर त्यांनी चीनच्या संघात कोणते बदल केले?

लंडन ऑलिम्पिकमध्ये चीन उपांत्यपूर्व फेरीतच जपानकडून हरला आणि २०१३ मध्ये लांग पिंग दुसऱ्यांदा राष्ट्रीय प्रशिक्षक झाल्या. या वेळी त्यांनी जुन्या पद्धतीचीच मुळे हलवली. पूर्वी बारा-चौदा जणींचा संच ठरला की वर्षानुवर्षे त्याच खेळत, त्याच झिजत. लांग पिंग यांनी ‘मोठा राष्ट्रीय संघ’ ही कल्पना राबवली: देशभरातून कितीतरी अधिक खेळाडूंना शिबिरात बोलावायचे, निरनिराळ्या स्पर्धांना निरनिराळे संच पाठवायचे आणि प्रत्येकीला खऱ्या सामन्याचा अनुभव द्यायचा. त्यांनी तंदुरुस्ती आणि दुखापतींवरील उपचार यांसाठी परदेशी तज्ज्ञ नेमले. केवळ तास मोजून सराव घेण्याऐवजी शरीर किती सोसू शकते, हे पाहून सराव आखला जाऊ लागला. त्यांनी स्वतः गुडघ्यांपासून खुब्यापर्यंतच्या दुखण्यांची किंमत मोजलेली होती, हे येथे विसरता येत नाही. सोललेल्या कोपरांना पराक्रमाची खूण मानणाऱ्या परंपरेतून आलेल्या व्यक्तीने हा बदल करावा, हीच या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे या लेखकाचे मत आहे.

हनान प्रांतातील खेड्यातून आलेली झू तिंग याच काळात पुढे आली. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत चीनला रौप्य मिळाले आणि २०१५ मध्ये विश्वचषक मिळाला. २०१४ च्या अंतिम सामन्यात चीनला हरवणाऱ्या अमेरिकेचे प्रशिक्षक कार्च किराली होते. त्यांनीही १९८४ मध्ये त्याच लाँग बीचच्या सभागृहात पुरुषांचे सुवर्णपदक जिंकले होते, आणि पुढे २०२१ मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण मिळवून ते लांग पिंग यांच्या पंक्तीत बसले.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये संघाला अपयश का आले?

२०१९ चा विश्वचषक चीनने अकरापैकी अकरा सामने जिंकून मिळवला होता, त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. मात्र २०२१ मध्ये झालेल्या त्या ऑलिम्पिकमध्ये झू तिंग मनगटाच्या दुखापतीसह खेळत होती आणि चीन तुर्कस्तान, अमेरिका व रशियन संघ यांच्याकडून पहिले तिन्ही सामने हरला. उरलेले दोन जिंकूनही उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. लांग पिंग यांनी त्यानंतर पद सोडले.

त्यांचा एकच सामना पाहायचा असेल तर कोणता पाहावा?

१६ ऑगस्ट २०१६ रोजी रिओमध्ये झालेला ब्राझीलविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पाहावा. चीनने गटात नेदरलँड्स, सर्बिया आणि अमेरिका यांच्याकडून हार खाल्ली होती आणि चौथ्या क्रमांकाने कसाबसा पुढे प्रवेश मिळवला होता. ब्राझील मागच्या दोन ऑलिम्पिकचा विजेता, यजमान, आणि गटात एकही सेट न गमावलेला. पहिला सेट ब्राझीलने २५-१५ असा सहज घेतला. लांग पिंग यांनी ल्यू शियाओथोंग या राखीव खेळाडूला उतरवले, सामना हळूहळू तोलाचा झाला आणि पाचवा, १५ गुणांचाच असणारा सेट चीनने १५-१३ असा घेतला. त्यानंतर उपांत्य सामन्यात नेदरलँड्सला आणि अंतिम सामन्यात सर्बियाला, म्हणजे गटात ज्यांनी हरवले त्यांनाच, चीनने ३-१ असे नमवले.

आपल्याकडे गावोगावच्या मैदानांवर शूटिंग व्हॉलीबॉल पाहत वाढलेल्या वाचकाचे लक्ष साहजिकच चेंडू मारणारीकडे जाईल. या सामन्यात ते अधूनमधून चीनच्या बाकाकडे वळवावे. तेथे राखीव खेळाडू रेषेबाहेर उभ्या राहून हातपाय हलवत अंग गरम ठेवत असतात, आणि त्यांच्यापुढे चष्मा लावलेल्या, किंचित अवघडून चालणाऱ्या लांग पिंग उभ्या असतात.